मनी, मी आणि लाल भाजीचा वाफा



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण नातेवाइकांना ठाऊक आहेच. हिच्या केमोथेरपीच्या चार फेऱ्या झाल्या, दोन बाकी आहेत. तब्येत बरी आहे. आज लिहायचंय ते मात्र आमच्या मनीबद्दल, कारण हल्ली जो तो एकच सल्ला देतोय. इथे पिंगुळीत शेजारच्या काकी खळ्यातूनच ओरडल्या, "मास्तरानू, त्या मांजराक आदी भायर घालवा!" एका भाच्याने तर पोत्यात घालून कुडाळच्या बाजारात सोडून यायची तयारी दाखवली.

मला हे पटत नाही. पण 'इतकी वर्षं पाळलंय, काही होत नाही' म्हणणारेही तितकेच चुकतात.

जनावरांकडून येणारे आजार आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. पावसाळ्यात लेप्टो असतो, २०१६ पासून दोडामार्गाकडे माकडताप आला. त्यावर सगळे बोलतात. इस्पितळात मात्र आम्हाला आहाराचा छापील कागद मिळाला, कच्ची कोशिंबीर नको, उघड्यावरचं नको. पण घरात जनावर आहे का, हे कुणी विचारलं नाही. शेवटी मीच विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी दहा मिनिटं काढून नीट समजावलं.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरतो. धडधाकट माणसाला बहुधा कळतही नाही. पण केमो, किडनी बदलल्यावरच्या गोळ्या किंवा एचआयव्ही यामुळे प्रतिकारशक्ती खचली, की तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. गंमत म्हणजे ताज्या विष्ठेत तो बाधत नाही, त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज साफसफाई केली तर बराच धोका टळतो, अर्थात ती दुसऱ्याने करायची. पण आमची मनी शहरातल्या मांजरांसारखी डब्यात थोडीच जाते! ती जाते परड्यात, लाल भाजीच्या वाफ्यात. आणि तिथेच ही उघड्या हातांनी तण काढत बसायची. मातीत तो महिनोन्महिने टिकतो. म्हणजे मांडीवरच्या मांजरापेक्षा वाफाच जास्त धोक्याचा, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं! शिवाय तो अर्धवट शिजलेल्या मटणातूनही येतो, आणि वर्षानुवर्षं शरीरात निजून राहतो. मांजर घालवलं म्हणून तो जाईलच असं नाही.

दुसरी गोष्ट ओरखड्याची. तो साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे केमो चालू असल्याचं आधी सांगायचं, कारण अशा माणसाला रक्त न आलेल्या ओरखड्यालाही रेबीजच्या लशीबरोबर सीरम द्यावं लागतं.

तर आता वाफा माझ्याकडे आलाय. हातमोजे घालून मी तण काढतो, (चुकून भाजीही उपटतो, असो) आणि ही पडवीतून सूचना देते. मनीला लस टोचून आणली, पिसवांचं औषध लावलं. एक पुतणी नवीन पिल्लू देणार होती, तिला नको म्हटलं. पिल्लं जास्त ओरबाडतात. मनीची झोपायची जागा हिच्या पायाशी होती, ती आता पडवीत गेली आहे.

पहिल्या रात्री मनी दारावर नखं घासत बसली. मी उठून तिला दटावायला निघालो, तर अंथरुणातून ही म्हणाली, "ओरडू नका तिला. सांगा, दोनच फेऱ्या राहिल्यात."