उघडता येईल, तोच टिकेल

लॅपटॉप घेताना ग्राहक प्रोसेसर विचारतो, मेमरी विचारतो, वजन आणि पडद्याचा आकार पाहतो. तीन वर्षांनी बॅटरी संपली तर ती कोण बदलणार आणि किती पैसे लागणार, हे मात्र बहुधा विचारत नाही. हप्ते भरून मुलांसाठी लॅपटॉप घेणाऱ्या घरात याच प्रश्नावर पुढचे सगळे गणित अवलंबून असते. त्याचे उत्तर खोक्यावर छापलेले नसते.

जाहिराती टिकाऊपणाची ग्वाही देतात ती धातूच्या आवरणावर आणि ‘लष्करी दर्जा’ या शब्दांवर. हा दर्जा म्हणजे अमेरिकी लष्कराच्या ‘मिल-एसटीडी-८१०’ या मानकातील धक्का, कंपन, धूळ, तापमान आदींच्या चाचण्या. त्यातील कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे उत्पादकच ठरवतो. लष्कर प्रमाणपत्र देत नाही. शिवाय या चाचण्या आघात सोसण्याची ताकद सांगतात, वापराने होणारी झीज नव्हे. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी म्हातारी होते. उष्णतेत आणि सतत १०० टक्के भरलेली ठेवल्यास ती आणखी लवकर खालावते. पंख्यात धूळ साचते, बिजागरी सैल होते, चार्जिंगचे छिद्र ढिले पडते. कवच कितीही भक्कम असले तरी हे टळत नाही. म्हणून दुरुस्तीची सोय हा टिकाऊपणाचाच भाग मानायला हवा.

रचनेची दिशा मात्र उलटी राहिली. पूर्वी खालची खिटी सरकवली की बॅटरी हातात येई आणि एक झाकण काढले की मेमरी वाढवता येई. २०१२ मध्ये अ‍ॅपलने रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला. त्यात बॅटरी गोंदाने चिकटवलेली आणि मेमरी मदरबोर्डवर सोल्डर केलेली होती. पुढे सडपातळपणाच्या स्पर्धेत अनेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या. सोल्डर केलेल्या मेमरीला जागा आणि वीज कमी लागते, हे खरे. पण ती बिघडली किंवा अपुरी पडली, तर बहुधा अख्खा मदरबोर्डच बदलावा लागतो. मग ‘यापेक्षा नवाच घ्या’ हा सल्ला मिळतो. याला पर्याय आहे. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या फ्रेमवर्कच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी, कीबोर्ड, पोर्ट आणि मदरबोर्डसुद्धा एका स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतो. आणि तो जाडजूडही नाही.

हा प्रश्न केवळ खिशाचा नाही. लॅपटॉपच्या आयुष्यातील बहुतांश कार्बन उत्सर्जन तो तयार होतानाच होते. त्यामुळे त्याचे वय दोन-तीन वर्षांनी वाढवणे हाच मोठा पर्यावरणीय लाभ. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद त्यातील एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याची आहे. उरलेल्यापैकी बराच कचरा तारा जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढणाऱ्यांच्या हाती पडतो. त्यांच्या फुप्फुसांत जाणारा धूर आणि शिसे हीदेखील न उघडणाऱ्या लॅपटॉपची किंमत आहे.

फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दहापैकी दुरुस्ती-गुण छापणे बंधनकारक केले. वस्तू उघडणे किती सोपे, सुटे भाग मिळतात का आणि केवढ्याला, माहिती उपलब्ध आहे का, हे त्यात मोजले जाते. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ पोर्टल सुरू केले. दुरुस्ती निर्देशांकाबाबतच्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. पण त्यात पहिल्या टप्प्यासाठी स्मार्टफोन आणि टॅब्लेट सुचवले आहेत. लॅपटॉपला मागे ठेवण्याचे कारण नाही. गुण देताना सुट्या भागांची किंमतही मोजली जावी आणि ते विक्रीच्या ठिकाणी दिसणे सक्तीचे असावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावोगावच्या दुकानांत कारागिरांच्या हातात कौशल्य आहे. त्यांना हवेत ते सुटे भाग आणि तांत्रिक आराखडे.

तोवर ग्राहकाने दुकानात तीन प्रश्न विचारावेत: बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने? मेमरी आणि साठवण बदलता येते का? सुटे भाग किती वर्षे मिळतील? घरी आणल्यावर सोय असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. हे प्रश्न काउंटरवर रोज ऐकू येऊ लागले, तर उत्तरे खोक्यावर छापणे कंपन्यांनाही भाग पडेल.