गल्लीतल्या टॉमीला ‘फेणे’ म्हणा

उल्हासनगर कॅम्प ४ च्या कुठल्याही गल्लीत हाक मारा, एखादा टॉमी किंवा मोती शेपूट हलवत येईलच. या नावांत वाईट काही नाही, पण त्या कुत्र्याचा स्वभावही त्यांत नाही. भा. रा. भागवतांच्या गोष्टींतला फुरसुंगीचा फास्टर फेणे घ्या: सायकलवर सुसाट, संकटात आपणहून उडी घेणारा. हातगाडीखालून उठून प्रत्येक रिक्षामागे धावणाऱ्या पिल्लाला ‘फेणे’ हे नाव किती चपखल! दिलीप प्रभावळकरांनी तर आपल्या गोष्टींत खोडकर मुलालाच ‘बोक्या सातबंडे’ केलं; मग ते नाव घरच्या बोक्याला द्यायला संकोच कसला?

यात पात्राचा अपमान होतो, असं काही जण म्हणतील. देवांच्या आणि थोर पुरुषांच्या नावांबाबत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण बालवाङ्मयातला नायक मुळातच लाडका असतो. उलट, ‘फेणे कोण?’ असं पोरांनी विचारलं की पुस्तक हातात द्यायला निमित्त मिळतं; सिंधी-मराठी शेजाराच्या या शहरात तर पलीकडच्या घरातल्या पोरांनाही. हाकेचं नाव मात्र आटोपशीर ठेवा, आणि नावासोबत रेबीजची लसही वेळेवर द्या.