जेसीबीच्या आधी टेप

कोपरखैरण्याच्या गावठाणात जुने घर पाडायला घेतले की कौले उतरतात, वासे विकले जातात आणि शेवटी जेसीबी काळ्या दगडाच्या जोत्याला भिडतो. नवी मुंबईसाठी शेतजमिनी गेल्या, कुटुंबे मात्र वाढली. त्या जोत्यावर गरजेपोटी चार मजले चढले तर वास्तुविशारदांनी नाके मुरडू नयेत. खटकते ते इतकेच, की गेलेल्या घराची एक रेघही कुणाच्या दप्तरी नसते.

खाडीपलीकडचे उदाहरण बघा. मुंबईच्या फोर्टात, टाउन हॉलमागे, आज जिथे नौदलाचा ‘आंग्रे’ तळ आहे, तिथे पोर्तुगीज अमदानीतले मॅनर हाउस होते. १५५४च्या सुमारास मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या नावाशी ते जोडले जाते. १६२६मध्ये इंग्रज आणि डच जहाजांवरच्या लोकांनी ते जाळले. पुढे १८ फेब्रुवारी १६६५ रोजी इंग्रजांच्या वतीने हम्फ्री कुकने तिथेच बेटाचा ताबा घेतला.

१६७३च्या अखेरीस मुंबईत आलेल्या डॉक्टर जॉन फ्रायरने या घराची हकीकत लिहून ठेवली. ताबा मिळाला तेव्हा संरक्षणाला पितळेच्या चार तोफा आणि भोवती देखणी बाग. पुढे त्या बागेच्या जागी तटबंदी आली. घराचा किल्ला कसा झाला हे आज कळते, ते एका डॉक्टरच्या चार ओळींमुळे. तो काही बांधकामाचा माणूस नव्हता!

आपल्या व्यवसायातल्या माणसाला तर याहून पुष्कळ दिसते. भिंतीची जाडी, दोन तोंडांमधली डबराची भरणी, ती बांधून धरणारे आरपार दगड, दर्जांमधला चुना. काळा दगड पाणी फारसे पीत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडते ती चुन्याच्या सांध्यांतून. अशा भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरल्या की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि मग दोष ‘जुन्या बांधकामा’वर येतो.

पाडण्याआधीचा अर्धा दिवस पुरे: एक आराखडा, एक छेद, पाच-सहा फोटो, पुडीत बांधलेला चुन्याचा नमुना. घरातल्या वडीलधाऱ्यांना दगड कुठल्या खाणीतून आला हेही विचारून घ्यावे. अशा मोजण्यांसाठी या मासिकाने पुढच्या अंकापासून दोन पाने राखून ठेवली आहेत. हाताने काढलेली चित्रेही चालतील. मापे मात्र जागेवर घेतलेली हवीत.