रेंज अडते कुठे?

मैत्रिणींनो, आपल्या अहमदपुरात जुन्या घरांच्या भिंती चांगल्या जाडजूड. उन्हाळ्यात त्या ऊन अडवतात म्हणून आपण त्यांचे गुण गातो. पण त्याच भिंती वायफायलाही अडवतात, हे मात्र ‘नेट गेलं’ म्हणून कंपनीला बोल लावताना आपल्या लक्षातच येत नाही. शाळेतल्या मुली सांगतात, “बाई, घरात रेंज नसते, म्हणून गच्चीवर बसून अभ्यास करतो.” चैत्र-वैशाखात गच्चीवर अभ्यास म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको!

यातली गोम समजून घ्या. लहर जितकी आखूड, तितकी ती अडथळ्यापुढे लवकर दमते. घरातल्या वायफायच्या बहुधा दोन लहरी असतात. एक सुमारे साडेबारा सेंटीमीटरची, दुसरी सहाएक सेंटीमीटरची. पहिली लांबवर पोचते, दुसरी वेगवान पण नाजूक. याहून आखूड ती मिलिमीटर लहर. 2022 च्या लिलावात आपल्या देशात 5जी साठी 26 गिगाहर्ट्‌झचा पट्टाही विकला गेला. त्यातली लहर साडेअकरा मिलिमीटरची, म्हणजे भिजवून फुगलेल्या हरभऱ्याएवढी! ती माहिती भरभरून वाहून नेते, पण भिंत आडवी आली की संपलंच.

2013 साली न्यूयॉर्कमधल्या अशा लहरींची मोजणी प्रसिद्ध झाली. आपल्या हिशेबात सांगायचं तर साध्या काचेतून रुपयातले चाळीस-पंचेचाळीस पैसे पलीकडे गेले. विटांच्या खांबातून सातशे रुपयांतला जेमतेम एक रुपया. आणि इमारतीच्या बाहेरच्या रंगीत काचेतून तर दहा हजारांतला एक! म्हणूनच हवेतून नेट देणारे एक पेटी गच्चीवर लावतात आणि तिथून तार घरात आणतात.

आता तुम्ही म्हणाल, जगदीशचंद्र बोसांनी तर 1895 मध्ये कलकत्त्याला भिंतीपलीकडची घंटा अशाच बिनतारी लहरींनी वाजवून दाखवली होती. खरंय. मिलिमीटर लहरींचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत त्यांचं नाव आहे. पण घंटा एकदा वाजायला लहरीचा थोडासा अंश पुरतो. तासभराच्या शिकवणीचं तेवढ्यावर भागत नाही.

मग घरात काय करायचं? लोखंडी कपाट, भांड्यांची मांडणी, मोठा आरसा, पाण्याने भरलेला कूलर यांच्यामागे राउटर ठेवू नका. पत्रा आणि आरशामागचा मुलामा लहर परतवतात, पाणी ती शोषून घेतं. आपलं शरीरही बरंचसं पाणीच. मिलिमीटर लहरीच्या वाटेत नुसतं माणूस उभं राहिलं तरी ती शंभरपटीने क्षीण होऊ शकते. पडदा आणि लाकडी दार त्यामानाने बिनधोक. राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, दाराच्या रेषेत ठेवा. लांबच्या खोलीत 2.4 आकड्याचं वायफाय निवडा, जवळ असाल तर 5 चं. तरीही भिंत आड येत असेल तर महागडं यंत्र घेण्याआधी तारेने दुसरा राउटर आत नेता येतो का, ते पाहा.

आणि एक मनातलं सांगते. राउटर बसवायला माणूस येतो तेव्हा जागा ठरते ती बैठकीत, टीव्हीशेजारी. स्वयंपाकघर राहतं दोन भिंतींपलीकडे. पण गॅसचं बुकिंग, मुलांच्या शाळेचे निरोप, माहेरचा व्हिडिओ कॉल, बचत गटाचा हिशेब, हे सगळं आपण ओट्याशी उभं राहूनच उरकतो ना? तेव्हा या रविवारी फोन हातात घेऊन सगळं घर फिरा, कुठे रेंज किती ते कागदावर लिहा आणि तो कागद घरच्यांपुढे ठेवा. राउटरची जागा मग सगळ्यांनी मिळून ठरवा.