पैसा जातो कोणाच्या खात्यात?

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा आरंभ झाला, तेव्हा मंडईतील भाजीवाला भ्रमणध्वनीवर पैसे स्वीकारील यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नसता. आज पाचशेची नोट पुढे केली, तर त्याच्याच कपाळाला आठी पडते. ही स्वदेशी यंत्रणा अभिमानास्पद आहे, याविषयी दुमत नाही. परंतु पैसे ज्या वेगाने देता येतात त्याच वेगाने ते लुबाडलेही जातात. आणि त्यानंतर बँका ज्या सहजतेने हात झटकतात, ते आम्हांला अधिक चिंताजनक वाटते.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठे अभय दिले. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना परस्पर पैसे गेले आणि त्याने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याचे दायित्व शून्य. दोष ग्राहकाचा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. गोम पुढे आहे. ग्राहकाने गुप्त क्रमांक स्वतःच उघड केला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याच्या माथी. आजचा भामटा कुलूप फोडतच नाही. तो वीज तोडण्याचा धाक घालतो, पोलीस अधिकारी बनून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती दाखवतो आणि एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या हातूनच पैसे पाठवून घेतो. कागदोपत्री तो व्यवहार संमतीचा! धाकाने मिळवलेल्या संमतीला संमती म्हणणे हा कारकुनी न्याय झाला.

पैसा हवेत विरत नाही. तो कोणाच्या तरी खात्यात जातो. पुष्कळदा थोड्याशा मोबदल्यासाठी भाड्याने दिलेल्या खात्यात. ते खातेही एखाद्या बँकेनेच कागदपत्रे पाहून उघडलेले असते. जेथे वर्षभर चार आकडी रक्कमही फिरकली नाही, तेथे एका दुपारी लाखो रुपये येतात आणि काही मिनिटांत निघून जातात, हे बँकेच्या संगणकाला दिसू नये? ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून, घोर निष्काळजीपणाचा अपवाद ठेवून, अशा फसवणुकीची ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बंधनकारक केली आणि तिचा भार पैसे पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकांवर निम्मा-निम्मा टाकला. विदेशी म्हणून नाकारावे असे यात काही नाही. स्वीकारणाऱ्या बँकेच्या खिशाला चाट बसू लागली, की भाड्याची खाती तिला आपोआप दिसू लागतील.

तोवर घरोघरच्या वृद्धांच्या भ्रमणध्वनीत १९३० हा मदत क्रमांक नोंदवून द्यावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता अधिक. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही त्यांना समोर बसवून एकदा करून दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे.