डोलकाठीच्या पोटातलं शीड

वीस-तीस वर्षं जुनी शिडाची बोट दाखवताना दलाल एक सोय हटकून सांगतो: मुख्य शीड डोलकाठीच्या आतच गुंडाळलं जातं, कॉकपिटमधून दोरी ओढली की काम झालं. अमेरिकेत शिडं बनवणारे टेड हूड यांच्या 'स्टोवे' डोलकाठ्यांनी रूढ केलेली ही सोय खरीच आहे. पण पोकळीत फिरणारी अॅल्युमिनियमची दांडी, वरच्या टोकाचं बेअरिंग, तळाचे गिअर यांतलं जवळजवळ काहीच गिऱ्हाइकाच्या नजरेला पडत नाही. आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीवर, वारा पडलेला असताना, ते बहुधा सुरळीतच फिरतं.

विचारायचा प्रश्न निराळा आहे. शीड अर्धं आत, अर्धं बाहेर असताना अडकलं तर? साध्या शिडाचा दोर सोडला की ते आपल्या वजनाने खाली येतं. कोकणातल्या मचव्यावरही तेच तत्त्व. डोलकाठीतलं शीड उतरवायचं तर आधी पूर्ण उलगडावं लागतं. वारा चढत असताना ते अडकलं, तर कमीही करता येत नाही आणि काढताही येत नाही. बूममध्ये, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या दांडीत, शीड गुंडाळणारी यंत्रणा बूमच्या कोनाबाबत फार हट्टी असते, पण तिथे निदान शीड खाली पाडता येतं.

अडकण्याचा दोष यंत्रावर टाकला जातो. माझ्या मते बहुतेकदा दोषी असतं ते शीडच. शिडाचं जुनं डेक्रॉन कापड ताणलं जाऊन मध्ये फुगतं. फुगलेल्या कापडाला गुंडाळताना चुण्या पडतात, गुंडाळी जाड होते आणि फटीत रुतते. त्यावर मालक इलेक्ट्रिक विंच लावतात. हा मला सर्वांत धोक्याचा उपाय वाटतो, कारण घर्षण वाढल्याचं हाताला कळतं, मोटरला नाही. ती कापड फाटेपर्यंत ओढत राहते.

म्हणून चाचणी समुद्रावर, बऱ्यापैकी वाऱ्यात आणि हाताने घ्यावी. बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून ताणणारी तार, सैल करून डोलकाठी सरळ करावी, बूमची उंची जुळवावी, शिडात किंचित वारा ठेवून ते दोन्ही बाजूंच्या वाऱ्यावर आत-बाहेर करावं. मग शीड पूर्ण उतरवून दांडी रिकामी फिरवावी. ती सैल असेल तर पोकळीच्या भिंतीला घासते. स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली, तर अॅल्युमिनियम गंजू लागलं आहे.

बोटीचा सर्व्हेअर अनेकदा डोलकाठी डेकवरूनच पाहतो. वर चढून तपासणारा रिगर वेगळा बोलवावा लागतो, आणि त्याचा खर्च सौदा ठरण्याआधीच करावा. त्या मॉडेलचं बेअरिंग आज मिळतं का, हे थेट निर्मात्याला विचारावं. मिळत नसेल, तर बोटीच्या किमतीतून नव्या डोलकाठीचा खर्च वजा करूनच बोली लावावी.