आपल्याकडे हे होतंच!

पिस्कॅटवेतल्या आमच्या मराठी कंपूत ट्रेक ठरला की दोन गोष्टी हमखास होतात. एक, बारा-चौदा डॉलरला एक अशी फ्रीझ-ड्राय जेवणाची पाकिटं विकत आणली जातात. दोन, डेलावेअर वॉटर गॅपला डोंगरात बसून त्या पाकिटात उकळतं पाणी ओतताना कुणीतरी म्हणतंच, "यात काय विशेष? आपल्याकडे हे होतंच की! आज्या वाळवणं करायच्याच ना!"

मला या वाक्याचा आता मनापासून कंटाळा आलाय.

होतं ना. पण करत कोण होतं? गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे उठून तो घाटत शिजवायचा, सोऱ्यातून कुरडया घालायच्या. हे सगळं बायकांनी. आम्ही पोरं कावळे हाकायला आणि गरम चीक खायला. पुरुषमंडळी थेट पावसाळ्यात, तळलेली कुरडई मोडायला. आज अभिमान मिरवणारे बहुतेक सगळे याच शेवटच्या गटातले. मीही त्यातलाच, उगाच खोटं कशाला बोला.

शिवाय ते "हे" नव्हतंच. कुरडई, पापड, सांडगे यांना कढईभर तेल लागतं. न्यू जर्सीतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर शेकोटी पेटवायलाही बंदी. आपल्याजवळ एक चिमुकला गॅस स्टोव्ह, त्यावर पाणी उकळलं तरी खूप. तिथे तळण मांडणार कुठे? ट्रेकला लागतं ते आधी पूर्ण शिजवून मग वाळवलेलं अन्न. आपल्याकडचे त्याचे खरे नातेवाईक म्हणजे पोहे आणि सातूचं पीठ. त्यांची आठवण मात्र कुणी काढत नाही.

मी घरी वरण, भात, मुगाची उसळ वाळवतो. वरण कुकरला मऊ शिजवून ट्रेवर पातळ पसरायचं, 57 अंश सेल्सिअसला आठ-दहा तास, की त्याचे पापुद्रे होतात. भात गरम असतानाच पसरायचा, शिळा चालत नाही. एकदा शिजलेला असल्याने उकळत्या पाण्यात झाकून ठेवला की पंधरा मिनिटांत परत फुलतो. भातात जवळजवळ दोन तृतीयांश पाणीच असतं हो, ते पाठीवर कशाला वाहायचं?

चुकाही भरपूर केल्या. पहिल्या वेळी फोडणी घालून वरण वाळवलं. तेल वाळत नाही, ते नुसतं खवट होतं. महिन्याभरात डबा फेकला. दुसऱ्यांदा घाई झाली म्हणून तापमान वाढवलं. राजम्याच्या दाण्याचं साल कडक झालं, आत ओल राहिली, बुरशी आली. आजीला हे सगळं ठाऊक असणार. आम्ही विचारलं नाही, कारण आम्ही कावळे हाकत होतो.

आता तुम्ही तिथले वाचक हसत असाल, तर तुमचंही ऐका. राजगडावर, हरिश्चंद्रगडावर नूडल्सची रिकामी पाकिटं कुणी टाकली? इथली मंडळी तर नाही आली टाकायला! तुमच्याकडे एप्रिल-मेचं ऊन आहे, जे मला विकतही मिळत नाही. इथल्या जुलैच्या दमट हवेत मला रात्रभर विजेचं यंत्र चालवावं लागतं. उन्हाळ्यात वाळवायचं आणि पावसात खायचं, ही आगोटीची बेगमी तर तुमच्या ट्रेकच्या हंगामाला नेमकी बसते. घट्ट झाकणाचा डबा तेवढा हवा.

"वेळ कुणाला आहे?" हा पुढचा प्रश्न. अहो, हाताला काम अर्ध्या तासाचं. बाकी यंत्र आणि ऊन बघतं.

असो. पुढच्या ट्रेकला कुणी "आपल्याकडे हे होतंच" म्हणालं, तर मी विचारणार आहे, "तुमच्याकडे आहे का?" नसेल तर रविवारी घरी या, ट्रे धुवायला. वाळलेलं वरण भलतं चिवट असतं.